विहीर पास, हंडा नापास... काकींना सांगू कसं?

करवंद (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. मोठं होणारे, आधीच सॉरी.

मी टीवाय बीएस्सीला आहे, मायक्रोबायोलॉजी. गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजचं एनएसएसचं शिबीर होतं मालवण तालुक्यातल्या एका गावात, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. सात दिवस शाळेत मुक्काम. बाकीचे सगळे सकाळी व्हाळावर (ओढ्यावर) वनराई बंधाऱ्याच्या गोणी भरायला आणि आम्ही मायक्रोवाल्या सहा जणी वाड्यांमधून फिरून विहिरींचं आणि घरातल्या प्यायच्या पाण्याचं टेस्टिंग करायला. मुलांना वाटलं आमचं काम आरामाचं. एका घरातून दुसऱ्या घरात जायला घाटी चढायची नि उतरायची, त्यात खांद्यावर बाटल्यांची पिशवी, आराम कसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे एचटूएसच्या बाटल्या होत्या. छोटी बाटली असते, आत आधीच औषध लावलेलं असतं, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट करायचं, हलवायची आणि ठेवून द्यायची २४ ते ४८ तास. काळी पडली तर पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता, रंग बदलला नाही तर ठीक. रात्री चांगलीच थंडी पडत होती आणि बाटल्यांना ऊब लागते, म्हणून खोका गोधडीत गुंडाळून आम्ही शाळेच्या चुलीशेजारी ठेवला. स्वयंपाकाच्या मावशींना वाटलं आत कोंबडीची पिल्लं आहेत, त्या रात्री उठून बघून आल्या.

तर ५ विहिरी आणि ३४ घरं केली. त्यातल्या दोन बाटल्यांवरची नावं ओल्या हाताने पुसली गेली (बॉलपेनने लिहिली होती, माझीच चूक, मार्कर सरांच्या बॅगेत राहिला होता), त्यामुळे ३२ घरं धरा. विहिरींपैकी ४ अगदी स्वच्छ, फक्त खालच्या वाडीतली व्हाळाकाठची एक काळी. आणि घरांतल्या १९ बाटल्या काळ्या!! म्हणजे बहुतेक जणी पाणी आणतायत चांगल्या विहिरीतून आणि ते घरात येऊन खराब होतंय.

आता खरा प्रॉब्लेम. त्या १९ मध्ये एक घर आहे एका काकींचं. पहिल्याच दिवशी आम्ही घामाघूम होऊन त्यांच्या पडवीत बसलो, तर त्यांनी आधी गूळ-पाणी दिलं. मी नाव-गाव लिहून घ्यायला वही काढली तर म्हणाल्या, "पाणी पी आदी, मगे काय ता विचार." आत तांब्याचा हंडा, इतका लख्ख की तोंड दिसावं, वर ताटली झाकलेली, ताटलीवर पेला उपडा. सगळं नीटनेटकं. आणि त्यांनी तो पेला हंड्यात बुडवला तेव्हा चार बोटं पाण्यात बुडलेली मी बघितली. वर्गात ज्याचा डायग्राम काढतो तेच डोळ्यासमोर. मी ते पाणी घटाघटा प्यायले (काही झालं नाही, विचारू नका) आणि मग त्याच हंड्यातलं सॅम्पल घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर बाटली डांबरासारखी काळी.

शेवटच्या दिवशी समारोपाला त्या आल्या होत्या, मला गाठून विचारलंच, "काय गो, आमच्या पाण्यात काय गावला?" आणि मी चक्क खोटं बोलले, अजून निकाल यायचाय म्हटलं. कारण शेजारच्या घरी माझ्या मैत्रिणीने खरं सांगितलं होतं तर तिथल्या बाईंनी सरळ तोंड फिरवलं, "म्हणजे माजा घर घाणेरडा असा म्हणतंस?" आणि त्यानंतर त्या वाडीत आम्हाला कोणी चहासुद्धा विचारला नाही.

पुढच्या रविवारी सरांबरोबर परत जायचंय, घरोघरी निकाल सांगायला. कसं सांगू? कोणी असं काम केलंय का? आणि ग्लास बुडवण्यामुळे एवढा फरक पडतो हे त्यांना पटेल असं कसं दाखवायचं?

---

हापूसचोर (रविवार, रात्री ११:१५)

सांगूच नकोस 😄

गंमत सोड पण खरंच विचारतो, आमच्या आजीने ९० वर्षं त्याच बावीचं पाणी प्यायलं, हंड्यात हात घालूनच. आम्ही मे महिन्यात मुंबईहून जायचो, तेच पाणी, पोटाला काही झालं नाही. आणि मुंबईत फिल्टरचं पाणी पिऊन वर्षातून दोनदा पोट बिघडतं. शिवाय तांब्याचा हंडा म्हणतेस, तांब्यात जंतू मरतात ना? मग काळी कशी झाली? तुमच्या बाटल्याच एक्स्पायरी झालेल्या नसतील कशावरून.

---

पडवीतली आशा (सोमवार, सकाळी ६:५०)

करवंद बाळा, मी आशा कार्यकर्ती आहे, गावात आरोग्याचं काम करते, तुझ्याच जिल्ह्यात. तुझं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण पहिल्या वर्षी मीपण अशीच तोंडावर पडले होते.

एक सांगते, निकाल कधी अंगणात उभं राहून सांगू नये. शेजारीण ऐकते, सासू ऐकते, आणि पाणी भरणारी असते सून. तू "पाणी खराब" म्हणालीस की सासूच्या कानात जातं "सून घाण". पुढे घरात काय होतं ते तुला दिसत नाही, मला दिसतं. म्हणून आत जायचं, चुलीपाशी बसायचं, दुसऱ्या गप्पा काढायच्या. कोणाच्या पोराला जुलाब झाले होते का, कधी झाले, पावसात की आता. मग ती स्वतःच पाण्यावर येते.

दुसरं म्हणजे बाटली तू भरू नकोस, तिला भरायला दे. दोन बाटल्या दे, एकात नेहमीसारखा पेला बुडवून काढलेलं पाणी, दुसऱ्यात ओगराळ्याने काढलेलं. आणि दोन्ही तिच्याच घरात ठेव, फडताळात. उद्या तीच बघेल. तू चाळीस वेळा सांगितलेलं एकीकडे नि स्वतःच्या फडताळातली काळी बाटली एकीकडे. मी एका घरी ठेवल्या तर तिथल्या आजीनेच दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाडीला बोलावून दाखवल्या, जशी काय कोणाची तरी चोरी पकडलीय.

पण आधी घरात ओगराळं आहे का बघ. लांब दांड्याचं ओगराळं हल्ली लग्नाच्या जेवणातच दिसतं. नसेल तर नळाचा माठ घ्या म्हणणं सोपं असतं, तांब्याचा हंडा आईने लग्नात दिलेला असतो तो ती बाजूला ठेवणार आहे का? नाही ठेवणार. म्हणून मी ओगराळ्यावर थांबते, ते टांगायला भिंतीला खिळा, झालं.

@हापूसचोर, आजी ९० वर्षं जगली ते खरं, पण तिची किती भावंडं पाच वर्षांची व्हायच्या आत गेली ते विचारलंयत का कधी? माझ्या आजीची तीन.

---

लॅबमधला दाढीवाला (सोमवार, दुपारी १:३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. पाणी तपासणीच्या लॅबमध्ये बारा वर्षं झाली, रत्नागिरीकडे.

करवंद, तुझा रिपोर्ट वाचून एक गोष्ट खटकली. काकींचा हात नाही, तुझ्या चार विहिरी खटकल्या. कोकणातली उघडी विहीर, जांभ्यात खोदलेली, आजूबाजूला घरं, संडासचे शोषखड्डे, गुरं, आणि पाचातल्या चार अगदी स्वच्छ? जानेवारीत? होऊ शकतं, नाही असं नाही, पण मला असं दिसलं की मी पहिला प्रश्न विचारतो, टीसीएल (विहिरीत टाकायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) कधी टाकली होती? कॉलेजची पोरं पाणी तपासायला येणार हे ग्रामपंचायतीला आधी माहीत होतं का? आणि बाटलीत थायोसल्फेट होतं का?

थायोसल्फेट एवढ्यासाठी की पाण्यात क्लोरीन असला तर तो बाटलीत गेल्यावरही काम करतच राहतो, जे काही जंतू आहेत त्यांना मारून टाकतो आणि बाटली स्वच्छ दिसते. थायोसल्फेट क्लोरीनला निकामी करतं, मग सॅम्पल घेतलं त्या क्षणाला पाण्यात काय होतं ते खरं कळतं. आम्ही लॅबमधून बॅक्टेरियासाठी बाटली देतो तेव्हा आधीच घालून देतो. शिबिरात हे कोणी बघत नाही.

दुसरं, एचटूएस ही ई-कोलायची (विष्ठेतून येणाऱ्या एका ठरावीक जंतूची) चाचणी नाही. १९८२ मध्ये आपल्याकडच्याच शास्त्रज्ञांनी ती काढली, खेड्यात लॅब नाही, वीज नाही तिथे वापरता यावी म्हणून, आणि त्यासाठी झकास आहे. ती पकडते हायड्रोजन सल्फाइड बनवणारे जंतू, जे बहुतेक वेळा विष्ठेबरोबर येतात. बाटलीतल्या लोखंडाशी त्या वायूचा संयोग झाला की काळं होतं. पण पाण्यातच गंधक असेल किंवा तळाचा कुजका गाळ आला असेल तरी काळं होऊ शकतं. आणि उलट बाजूने, आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक (आयएस १०५००, २०१२ चं) म्हणतं १०० मिलिलीटरमध्ये ई-कोलाय एकसुद्धा सापडता कामा नये, तुमच्या बाटलीत पाणी मावतं त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं. त्यामुळे काळी झाली तर सावध व्हायचं, आणि नाही झाली म्हणून सर्टिफिकेट द्यायचं नाही.

@हापूसचोर तांब्याचं बरोबर आहे, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलं की जंतू कमी होतात हे प्रयोगात दिसलेलं आहे. पण त्याला बरेच तास लागतात, आणि सकाळपासून दर अर्ध्या तासाने कोणीतरी त्यात पेला बुडवतंय. आणि एक्स्पायरीचा मुद्दा वाईट नाही. त्यासाठी एक बाटली उकळून गार केलेल्या पाण्याची ठेवायची असते. ठेवली होती का ग?

---

करवंद (सोमवार, संध्याकाळी ७:०५)

उकळलेल्या पाण्याची ठेवली होती, ती स्वच्छच राहिली. तेवढं तरी बरोबर केलं.

थायोसल्फेट नव्हतं. 😐 आणि आता मला आठवतंय, वरच्या वाडीच्या विहिरीपाशी मला स्विमिंग पूलसारखा वास आला होता, मी म्हटलंसुद्धा, तर मैत्रीण म्हणाली तुझ्या हाताला स्पिरिटचा वास येतोय. आणि मी गप्प बसले. आम्ही मंगळवारी सकाळी सगळी सॅम्पल्स घेतली. ग्रामपंचायतीला दहा दिवस आधी पत्र दिलं होतं अर्थातच, परवानगी लागते.

तिथल्या शाळेतल्या शिपाईकाकांचा नंबर आहे, विचारते.

---

निर्मळ_जल (सोमवार, रात्री ८:२०)

एवढं डोकं कशाला लावताय, आरओ बसवायला सांगा. टीडीएस मीटर २००-३०० रुपयात मिळतं, पाण्यात बुडवा, आकडा बघा, विषय संपला. आमच्याकडे डेमो फ्री असतो, दोन ग्लासात पाणी घेऊन मशीन लावून दाखवतो, साध्या पाण्यातून कसली तपकिरी घाण वर येते ते लोक डोळ्यांनी बघतात. मग पटवायची गरजच नाही.

---

लॅबमधला दाढीवाला (सोमवार, रात्री ९:००)

आलात का.

मंडळी, हा डेमो गावोगाव फिरतोय म्हणून सविस्तर लिहितो. त्या मशीनला लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात. वीज सोडली की लोखंडाची कांडी झिजते आणि तेच लोखंड तपकिरी होऊन वर येतं. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात, विहिरीच्या पाण्यात ते थोडेफार असतात म्हणून घाण निघते, आरओच्या पाण्यात जवळजवळ नसतात म्हणून निघत नाही. आरओच्या त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि मशीन लावा, विहिरीपेक्षा जास्त घाण निघेल. घरी डेमोवाला आला की मिठाचा डबा घेऊन बसा.

आणि टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतूंशी त्याचा काडीचा संबंध नाही. संडासच्या खड्ड्यातून झिरपलेलं पाणीही टीडीएस मीटरवर छान दिसू शकतं. मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालतं. आमच्या वाडीतल्या विहिरीचा मी मोजला तर ८० च्या आसपास येतो. त्यातून आरओ अजून काय काढणार, आणि निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडून देणार, एप्रिलमध्ये टँकर येणाऱ्या गावात.

हां, खाडीकाठी विहीर मचूळ झालीय, क्लोराइड वाढलंय, तिथे आरओचा विचार समजू शकतो. त्या लोकांची चेष्टा नाही.

---

टीसीएलवाला (सोमवार, रात्री ११:५०)

मी बोलू का. मी जलसुरक्षक आहे, म्हणजे गावच्या विहिरींत टीसीएल टाकणारा, दुसऱ्या तालुक्यात, पण गाव सगळीकडे सारखंच. मानधन किती मिळतं ते विचारू नका आणि कधी मिळतं ते तर अजिबात विचारू नका.

दाढीवाले साहेब म्हणतात ते शंभर टक्के खरं. कोण तपासायला येणार असं कळलं की आदल्या दिवशी फोन येतो, अरे टीसीएल टाकलीस काय? मग मी टाकतो. लबाडी म्हणून नाही, टाकायचीच असते, पण एरवी टाकली की लोक माझ्याच अंगावर येतात, पाण्याला वास मारतो, चहा बिघडतो, भात पिवळा होतो (भात पिवळा होत नाही, पण कोण ऐकतो). एका बाईने तर माझी बादली विहिरीत टाकली होती. मग माणूस कंटाळतो, आठ दिवसांचे पंधरा दिवस होतात.

आणि टाकायची पद्धत असते ती बऱ्याच ठिकाणी पाळत नाहीत, सरळ मूठभर पावडर विहिरीत फेकून देतात, ती चुन्यासकट तळाला जाऊन बसते. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सांगतो. आधी विहिरीत पाणी किती ते काढायचं. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४ भागिले ४, सगळं मीटरमध्ये, येईल त्याला हजाराने गुणलं की लिटर. समजा ३ मीटर व्यास आणि २ मीटर पाणी, म्हणजे १४ हजार लिटर झालं. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ३५ ग्रॅम. एवढीशी लागते, लोकांना वाटतं पोतं ओततो. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायची आणि दहा मिनिटं ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं, ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली हलवायची, चुना बाहेर टाकायचा. तासाभराने ओटी टेस्ट, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. हे सगळं संध्याकाळी करायचं म्हणजे रात्रभर पाणी कोणी काढत नाही.

पण पावडर चांगली असेल तर. आपल्या हवेत पोतं एकदा उघडलं की महिन्याभरात दम जातो तिचा, पावसात तर विचारूच नका. मला एकदा आलेली पावडर दगडासारखी होती, नारळ फोडायच्या कोयत्याने फोडली.

आता करवंदताई, तुमच्या कामाची गोष्ट. मी टीसीएल टाकायच्या आधी वाडीत ओरडून सांगतो, आज टाकतोय म्हणून. आणि बायका काय करतात माहीत आहे? वासाचं पाणी नको म्हणून दुपारीच सगळे हंडे, कळश्या, टोप भरून ठेवतात, दोन दिवसांचं. तुमच्या काकींच्या हंड्यातलं पाणी कधी भरलेलं होतं ते विचारलंत का?

---

पडवीतली आशा (मंगळवार, सकाळी ७:१०)

अग बाई. हे मी स्वतः करते आणि माझ्या लक्षात आलं नाही.

---

हापूसचोर (मंगळवार, सकाळी १०:३०)

थ्रेड भारी चाललाय, पॉपकॉर्न... आय मीन फणसाचे तळलेले गरे घेऊन बसलोय.

@आशा, आजीच्या भावंडांचं काल आईला फोन करून विचारलं. पाच गेली होती. मला माहीतच नव्हतं. कोणी काय आजाराने गेलं ते आईलाही माहीत नाही, "तेव्हा जायचीच" म्हणाली.

---

करवंद (बुधवार, रात्री ९:३०)

ओके. फोन झाले.

शिपाईकाका म्हणाले सोमवारी संध्याकाळी टाकली होती टीसीएल, चार विहिरींत. पाचवी व्हाळाकाठची राहिली कारण काळोख झाला आणि तिथे जायच्या पाणंदीत गवा दिसला होता आदल्या आठवड्यात. म्हणजे जी एक विहीर काळी आली ती काही वेगळी खराब नव्हती, तिच्यात फक्त औषध पडलं नव्हतं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं "खालच्या वाडीतील स्रोत दूषित, इतर स्रोत सुरक्षित". सरांनी सहीपण केलीय.

मग वहीतल्या नंबरांवर त्या १९ पैकी ज्यांचे लागले अशा सात घरांना फोन केले. पाच घरांनी सांगितलं, हो, सोमवारी दुपारीच भरून ठेवलं होतं, तो ओरडत गेला ना. एक घर मंगळवारी सकाळी भरलेलं, तरी काळं. एकाला आठवत नाही. आणि शेजारच्या ज्या बाई मैत्रिणीवर चिडल्या होत्या त्या त्या पाचात आहेत. म्हणजे घाण घरात झाली असं आम्ही त्यांना ज्या जोरावर सांगितलं तो जोरच खोटा होता. पेल्याचा दोष नाहीच असंही नाही म्हणता येत (मंगळवारी भरलेलं ते एक घर आहेच), पण विहिरीचं पाणीच आधीपासून तसलं होतं की हंड्यात झालं, हे माझ्या आकड्यांवरून कळतच नाही. सात दिवस घाट्या चढून मी काय मोजलं तर एक दिवस शिळं पाणी आणि एक दिवस ताजा क्लोरीन.

सरांना सांगितलं. आधी गप्प बसले, मग म्हणाले रिपोर्ट मागे घेऊ. मला वाटलं होतं ओरडतील.

@दाढीवाला, रविवारी परत सॅम्पल घ्यायचं ठरलंय. तोपर्यंत टीसीएल टाकून तेरा दिवस झालेले असतील, टाकू नका असं ग्रामपंचायतीला सांगू का? की ते चुकीचं?

---

लॅबमधला दाढीवाला (बुधवार, रात्री १०:१५)

टाकू नका असं कधीही सांगायचं नाही. आपल्या सॅम्पलसाठी लोकांनी बिनऔषधाचं पाणी प्यायचं नसतं. थायोसल्फेट घेऊन जा, कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असतंच, किती घालायचं ते मी मेसेज करतो. आणि ओटी किंवा क्लोरोस्कोप घेऊन प्रत्येक सॅम्पलच्या शेजारी क्लोरीन लिही, लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर आहे की नाही. म्हणजे कोणी आदल्या रात्री टाकली तरी वहीत दिसेल.

विहीर आणि घर यांची जोडी लाव. बाई विहिरीवर आली की तिच्याच कळशीतून एक बाटली, तेच पाणी घरी हंड्यात ओतल्यावर एक, आणि संध्याकाळी परत जाऊन त्याच हंड्यातून एक. ३४ घरं नकोत, ६ कर पण अशी कर. भरलं कधी हा रकाना पहिला. आणि नावं मार्करने 🙂

तीन-चार बाटल्या भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या लॅबला पण दे, बर्फाच्या डब्यातून, त्याच दिवशी पोचतील अशा. आणि जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की परत जा. गावाला पाण्याच्या सुरक्षिततेचं कार्ड द्यायला सर्वेक्षण होतं ते पावसाळ्याआधी आणि नंतर, पण पहिल्या पावसात रानातलं, अंगणातलं, गोठ्यातलं सगळं धुऊन जांभ्याच्या भोकांतून विहिरीत उतरतं त्या आठवड्यात सहसा कोणी बाटली घेऊन फिरत नाही.

---

टीसीएलवाला (बुधवार, रात्री १०:४०)

त्या गावच्या जलसुरक्षकाला पण बरोबर घ्या रविवारी. त्याच्यामागे त्याच्या विहिरी तपासल्या तर पुढच्या वेळी तो तुमच्या आदल्या रात्री पण टाकेल आणि त्याच्या आदल्या रात्री पण.

---

करवंद (पुढचा सोमवार, रात्री ८:००)

जाऊन आले. निकाल उद्या दुपारनंतर कळेल म्हणून आकडे नाहीत आज.

जलसुरक्षकदादा आले होते, तेच पुढे होऊन प्रत्येक घरात सांगत होते कुठल्या विहिरीचं पाणी, कधी भरलं. शेजारच्या बाईंकडे मी आधी गेले. आत चुलीपाशी बसून सांगितलं की आमची मोजायची पद्धत चुकली होती, तुमच्या घरामुळे झालं असं म्हणायला आमच्याकडे पुरावा नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, पण चहा टाकला. आशाताई, तुमची आठवण काढली.

काकींना मी खरं सांगितलं, बाटली काळी आलीवती, मी लपवलं. त्या म्हणाल्या, "माका म्हायत होता, तुज्या तोंडावर दिसत होता." मग त्यांनीच पेल्याने एक आणि ओगराळ्याने एक अशा दोन बाटल्या भरल्या. ओगराळं मी मालवणच्या बाजारातून घेऊन गेले होते, त्यांना आवडलं नाही, दांडा आखूड म्हणाल्या, हंडा खोल आहे. ते खरंच आहे, तळाशी पोचायला मनगट बुडतंच. आता लांब दांड्याचं बघायला हवं, कोणाला कुडाळ-सावंतवाडीकडे कुठे चांगलं मिळतं माहीत असेल तर सांगा.

आत्ता पाच मिनिटांपूर्वी त्यांचा फोन आला होता. बाटल्या फडताळात ठेवल्यात, अजून पांढऱ्याच आहेत, पण नातू सारखा उघडून बघतोय, बाटली नाही हो, फडताळ. त्याला ओरडू की नको विचारत होत्या.